काडीमोड, फारकत आणि घटस्फोट

घटस्फोट हा शब्द आपण आज ज्या अर्थाने वापरतो, तो त्याचा मूळचा अर्थ नव्हे. धर्मशास्त्रात घटस्फोट हा पतिताला कुळाबाहेर टाकण्याचा विधी होता. जिवंत माणूस मेला असे समजून त्याच्या नावाने पाण्याचा घडा पालथा करावयाचा आणि त्या क्षणापासून त्याच्याशी बोलणे, बसणे, देणेघेणे बंद करावयाचे, असा तो प्रकार. नवराबायकोच्या विभक्त होण्याला हे नाव पुढे चिकटले, आणि जुन्या बहिष्काराची सावलीही त्याच्याबरोबर आली.

या विषयासाठी मराठीत आणखी दोन शब्द फार दिवसांपासून आहेत. एक काडीमोड. पंचांच्या समक्ष गवताची काडी मोडावयाची आणि संबंध तुटला असे चारचौघांत जाहीर करावयाचे. दुसरा शब्द फारकत, म्हणजेच फारखती. हा शब्द हिशेबाच्या वहीतला आहे. कर्ज फिटले, आता एकमेकांकडे काही येणे नाही, असा जो लेख सावकार लिहून देई ती फारखती. तोच शब्द नवऱ्याने बायकोला मोकळे केल्याच्या लेखालाही लागला.

एका शब्दात बहिष्कार आहे, दुसऱ्यात जाहीर तोड आहे आणि तिसऱ्यात हिशेब आहे. हिंदूंच्या विवाहविच्छेदाचा आजचा कायदा समजून घेताना हे तीन शब्द जवळ ठेवलेले बरे. कायद्याने संसार मोडायला शिकवले, अशी तक्रार आपल्याकडे वारंवार ऐकू येते. वस्तुतः संसार पूर्वीही मोडत होते. मोडल्यावर हिशेब देण्याचे बंधन तेवढे कायद्याने नवीन आणले. ते कितपत पाळले जाते, यावर कायद्याचे यश मोजले पाहिजे.

शास्त्र आणि रूढी

हिंदूंचा विवाह हा संस्कार आहे, तो अभंग आहे, हे मत स्मृतिकारांपैकी बहुतेकांनी मांडले यात शंका नाही. परंतु त्याच परंपरेत दुसरा सूरही आहे. पती नाहीसा झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करता येतो, असे नारद आणि पराशर यांच्या स्मृतींत सांगितले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर परस्परांविषयी द्वेष उत्पन्न झाला असता उभयतांच्या इच्छेने मोक्ष मिळतो, असे सांगितले आहे. मात्र धर्म्य म्हणून गणलेल्या विवाहांना त्याने ही सवलत दिली नाही. पुढच्या निबंधकारांनी ही वचने कलियुगासाठी नव्हेत असे ठरवून बाजूला ठेवली.

हे झाले ग्रंथांत. महाराष्ट्रातील शेतकरी, कारागीर आणि बलुतेदार जातींत मात्र काडीमोड आणि पाट चालूच होते. जातीची पंचायत बसे, दोन्ही घरची माणसे बोलत, लग्नात दिलेल्या वस्तूंचा आणि खर्चाचा निवाडा होई, सोडचिठ्ठी लिहिली जाई आणि त्या स्त्रीचा पुढे पाट लागे. या व्यवस्थेत सर्व काही न्यायाचे होते असे नाही. पंच बहुधा पुरुषच असत, आणि सोडचिठ्ठी देण्या-न देण्याची किल्ली पुष्कळदा नवऱ्याच्या हाती राही. तरीही बाईला पुढचे आयुष्य आहे, हे तिने मान्य केले होते. ज्या जातींत लग्न अभंग मानले जाई तेथे हे दार बंद होते. आणि प्रतिष्ठा वाढवू पाहणाऱ्या अनेक जातींनी वरच्यांचे अनुकरण करताना आपले उघडे दार आपल्याच हाताने लावून घेतले.

अभंग विवाहाचे ओझे मुख्यतः स्त्रीवर होते, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. पुरुषाला घटस्फोटाची गरजच नव्हती. पहिली नको झाली तर तिला माहेरी धाडून तो दुसरी करीत असे, आणि शास्त्र व कायदा दोघेही त्याच्या आड येत नसत.

न्यायालये मध्ये येतात

इंग्रजी अमलात ही प्रकरणे न्यायालयांत जाऊ लागली, तेव्हा काही बाबतींत दोरी सैल होण्याऐवजी आवळली गेली. १८६४ आणि १८७६ मधील दोन निवाड्यांत मुंबईच्या उच्च न्यायालयाने नवऱ्याच्या संमतीवाचून बायकोला दुसरे लग्न करण्याची मोकळीक देण्याचा जातीचा अधिकार मान्य केला नाही. पंचांनी मोकळी ठरवलेली बाई कायद्याच्या दृष्टीने पहिल्याचीच बायको राहिली.

याच काळात रखमाबाईंचा खटला झाला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने मोठेपणी पतीच्या घरी नांदायला जाण्याचे नाकारले. १८८४ मध्ये पतीने दावा लावला. पहिल्या न्यायमूर्तींनी १८८५ मध्ये तो फेटाळला. बाईला अशा रीतीने नवऱ्याच्या घरी पाठवण्याचा दावा ही हिंदू धर्मशास्त्रातली गोष्ट नसून ती इंग्रजी कायद्यातून आलेली आहे, हे त्यांनी दाखवून दिले. अपिलात हा निकाल फिरला, आणि १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. त्यांच्या जातीत विधवेच्या पुनर्विवाहाची रूढी होती. त्यांच्या आईचेही दुसरे लग्न झालेले होते. तरी त्यांना स्वतःला कायदेशीर मोकळीक कोणी दिली नाही. पैसे देऊन सुटका झाली, एवढेच.

कायदा कसा घडला

पहिली पावले संस्थानांत पडली. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात काडीमोडीसंबंधी कायदा झाला, आणि सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदू पुरुषाला एक पत्नी असताना दुसरी करण्यास बंदी केली आणि १९४७ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा हक्क दिला. या दोन कायद्यांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. पुरुषाची दुसऱ्या लग्नाची वाट बंद झाली, तेव्हाच घटस्फोट ही दोघांची गरज झाली.

अखिल भारतीय पातळीवर हिंदू कोड बिलाची चर्चा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंत्री म्हणून पुढे नेली. बहुसंख्य हिंदू समाजात रूढीने घटस्फोट चालतच आलेला आहे, मूठभर वरच्या जातींचा आचार म्हणजे सारा हिंदू धर्म नव्हे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. बिल रखडले, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. पुढे त्याचे भाग पाडून ते मंजूर झाले. त्यांतला हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला. बौद्ध, जैन आणि शीख यांनाही तो लागू आहे. अनुसूचित जमातींना मात्र, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय, तो लागू होत नाही.

१९५५ चा कायदा हा तडजोडीचा कायदा होता. मुंबईच्या १९४७ च्या कायद्यात चार वर्षांचा परित्याग हे घटस्फोटाचे कारण होते. नव्या कायद्यात क्रूरता आणि परित्याग या दोन कारणांवरून आधी फक्त न्यायिक विभक्तता मिळे, म्हणजे वेगळे राहण्याची मुभा, लग्न कायम. त्यानंतर दोन वर्षे वाट पाहून मग घटस्फोट. जे दुःख घराघरांत सर्वांत सामान्य होते, त्याच्यावरच सर्वांत लांबचा रस्ता ठेवला होता. ही चूक १९७६ च्या दुरुस्तीने सुधारली. क्रूरता आणि दोन वर्षांचा परित्याग ही घटस्फोटाची सरळ कारणे झाली, आणि परस्पर संमतीचे कलमही त्याच वेळी आले. पंधरा वर्षांच्या आत लग्न लावून दिलेल्या मुलीला अठरा पूर्ण होण्यापूर्वी ते लग्न नाकारता येईल, अशी तरतूदही त्या दुरुस्तीने केली. २०१९ मध्ये कुष्ठरोग हे कारण वगळले गेले. औषधाने बऱ्या होणाऱ्या रोगासाठी माणसाला टाकण्याची मुभा कायद्यात शिल्लक होती, ती गेली.

शब्दांचे अर्थ न्यायालयांनी ठरवले. केवळ घर सोडून जाणे म्हणजे परित्याग नव्हे. कायमचे सोडण्याचा हेतू त्यामागे असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये मुंबई प्रांतातील एका खटल्यात सांगितले. म्हणून मार खाऊन माहेरी आलेल्या बाईने परित्याग केला असे होत नाही. तिला घर सोडायला लावणारा नवराच परित्याग करणारा ठरू शकतो. १९७५ मध्ये एका मराठी दांपत्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की, क्रूरता सिद्ध करण्यासाठी फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. कोणत्या बाजूची शक्यता अधिक, हे पाहावे. बंद दाराआड घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कोठून आणावयाचे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या निवाड्याचे महत्त्व कळेल.

न्यायालयाची वाट

आता प्रत्यक्ष रीत पाहू. लग्नाला एक वर्ष होण्यापूर्वी, अपवादात्मक हालअपेष्टा असल्याखेरीज, घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. लग्न जेथे झाले, दोघे शेवटी जेथे एकत्र राहिले किंवा प्रतिपक्ष जेथे राहतो तेथील न्यायालयात अर्ज करावयाचा. २००३ पासून पत्नी जेथे राहत असेल तेथेही तिला तो करता येतो. माहेरी राहणाऱ्या बाईला दर तारखेला सासरच्या गावी जावे लागे, ते हेलपाटे या दुरुस्तीने वाचले.

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. पुणे व मुंबई येथे ती १९८९ मध्ये सुरू झाली. तेथे प्रकरण प्रथम विवाह समुपदेशकाकडे जाते. समेट होतो का, हे पाहण्याचे कर्तव्य कायद्यानेच न्यायालयावर टाकले आहे. समेट न झाल्यास प्रतिपक्षाची कैफियत, मुद्दे, पुरावा, उलटतपासणी आणि निकाल हा नेहमीचा क्रम. सुनावणी बंद दालनात होते, आणि तेथील मजकूर छापण्यास मनाई आहे. निकालानंतर अपिलाची मुदत संपेपर्यंत, अपील झाले असल्यास ते फेटाळले जाईपर्यंत, कोणालाही दुसरे लग्न करता येत नाही.

संमतीच्या घटस्फोटाची वाट वेगळी आहे. दोघे वर्षभर किंवा अधिक काळ पतिपत्नी म्हणून एकत्र राहिलेले नसले पाहिजेत. एका छपराखाली राहूनही असे वेगळे राहणे होऊ शकते, हे न्यायालयांनी मान्य केले आहे. संयुक्त अर्ज दिल्यानंतर सहा महिने थांबून, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायाधीशांपुढे यावयाचे. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. समेटाची आशा खरोखर उरली नसेल तर सहा महिन्यांचा काळ माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. विवाह पूर्णपणे मोडला आहे, एवढ्या एका कारणावर घटस्फोट द्यावा, अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ मध्येच केली होती. संसदेने ती अद्याप कायद्यात घातलेली नाही. घटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालय स्वतः असा घटस्फोट देऊ शकते, हे २०२३ मध्ये घटनापीठाने स्पष्ट केले. जिल्ह्याच्या न्यायालयाला तो अधिकार नाही.

कागदाची सोडचिठ्ठी

आपल्या गावोगावी जी चूक सर्वांत महाग पडते, ती आता सांगतो. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर दोघांच्या सह्या, चार साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का, एवढे झाले की लग्न संपले, असा समज अजून दृढ आहे. तो चुकीचा आहे. हिंदू विवाह कायद्याने रूढीने मिळणारा घटस्फोट रद्द केलेला नाही, हे खरे. परंतु ती रूढी त्या जातीत प्राचीन काळापासून अखंड चालत आली आहे, हे जो तिचा आधार घेतो त्याला न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले नाही तर तो कागद केवळ कागद राहतो.

समजा, अशा कागदावर मोकळी झालेली बाई दुसरे लग्न करते. दहा वर्षांनी नवऱ्याशी बिनसते आणि ती पोटगी मागते. तो म्हणतो, हिचा पहिला विवाह कायम आहे, म्हणून आमचे लग्नच शून्य आहे. कागद रूढीने तरला नाही, तर दहा वर्षांचा संसार एका ओळीने पुसला जातो. पुरुष विवाहित असून दुसरी करतो, तेव्हाही मार त्या दुसरीलाच बसतो. १९८८ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शून्य विवाहातील स्त्रीला फौजदारी संहितेखालची पोटगी नाकारली. पहिले लग्न लपवून जिला फसवले, तिच्याबाबत २०१३ मध्ये न्यायालयाने अधिक उदार भूमिका घेतली. अशा विवाहाची मुले कायद्याने औरस आहेत, एवढा दिलासा आहे. पहिला विवाह कायम असताना दुसरा करणे हा गुन्हा आहे, आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हिशेब

बंधन तुटले, देणेघेणे कसे फिटावयाचे? दावा चालू असताना अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च, व निकालानंतर कायमची पोटगी, अशा दोन तरतुदी आहेत. दोन्ही पत्नीप्रमाणे गरजू पतीलाही खुल्या आहेत. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी आपली मिळकत व जबाबदाऱ्या शपथेवर जाहीर कराव्यात आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे ठरवून दिले. खरा पगार लपवण्याची सवय पाहता हा नियम फार आवश्यक होता. स्त्रीधन स्त्रीचेच, सासरी ठेवले म्हणून त्यावरचा तिचा हक्क जात नाही. मुलांच्या ताब्याचा निर्णय मुलाच्या हिताने होतो. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहते.

परंतु हिशेबाची एक मोठी रकम खात्यावर चढतच नाही. वीस वर्षे बाईने रांधले, मुले वाढवली, सासूसासऱ्यांचे आजारपण काढले, आणि त्या काळात नवऱ्याने स्वतःच्या नावावर घर घेतले. त्या घरात घटस्फोटानंतर तिला मालकीचा वाटा देणारी तरतूद हिंदू विवाह कायद्यात नाही; तिने पोटगी मागावयाची. शेजारच्या गोव्यात चित्र निराळे आहे. तेथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, आणि विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नीची मिळकत सामाईक धरून ती निम्मी निम्मी होते. सह्याद्री ओलांडला की फारखतीचा मजकूर बदलतो!

ज्यांची कुठेच नोंद नाही

या साऱ्या विवेचनाबाहेर एक फार मोठा वर्ग राहतो. त्यांची काडीमोड झाली नाही, फारकत झाली नाही, घटस्फोटही नाही. नवऱ्याने त्यांना नुसते टाकले. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून जेवढी माणसे नोंदली गेली, त्यांच्या दुपटीहून अधिक 'विभक्त' म्हणून नोंदली गेली, आणि दोन्ही गटांत स्त्रिया पुरुषांहून पुष्कळ अधिक होत्या. महाराष्ट्रात हा प्रश्न १९८८ मध्ये संगमनेर येथे भरलेल्या परित्यक्तांच्या परिषदेने चव्हाट्यावर आणला. शिधापत्रिका कोणाच्या नावावर, घरपट्टी कोणाच्या नावावर, मुलाच्या दाखल्यावर सही कोणाची, अशा रोजच्या प्रश्नांतून त्या बायकांचे आयुष्य अडत होते.

घटस्फोटाची लाज वाटते म्हणून आईबाप मुलीला वर्षानुवर्षे माहेरी ठेवतात आणि 'कधीतरी नेईल' म्हणून वाट पाहतात. यात तिचे नाव राखले जाते असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात तिची पोटगी राहते, हक्क राहतात आणि वय निघून जाते. पतीला मात्र या धूसरपणाचा फायदाच होतो, कारण न्यायालयात गेला तर त्याला हिशेब द्यावा लागेल. म्हणून टाकलेल्या बाईची खरी कैवारी ही घटस्फोटाची भीती नसून, भरणपोषणाचा आणि मोकळे होण्याचा वेळेवर केलेला अर्ज आहे. नांदण्याची आशा असेल तर समुपदेशकापुढे ती तपासून घ्यावी; नसेल तर नाही म्हणून टाकावे.

यासाठी पैसा हवा, ही अडचणही वाटते तेवढी मोठी नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकिलाची मदत विनामूल्य मिळते. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज केला तरी चालतो. विवाहाची नोंद करून ठेवावी, स्त्रीधनाची यादी व पावत्या जपाव्यात, आणि घाईने कोणत्याही मुद्रांकावर सही करू नये, एवढी सावधगिरी प्रत्येक घराला परवडणारी आहे.

नगरजनांनी आणखी एक करावयाचे आहे, आणि ते कोणत्याही कलमात बसत नाही. न्यायालयातून मोकळी होऊन आलेली बाई हळदीकुंकवाला बोलवावी की नाही, तिला भाड्याने खोली द्यावी की नाही, तिच्या मुलाला वर्गात बापाचे नाव विचारून अडवावे की नाही, हे ठरवणारे आपणच असतो. हुकूमनाम्याने लग्न संपते. पालथा घातलेला घडा उचलून सरळ ठेवण्याचे काम न्यायाधीशाला करता येत नाही. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आहे.